दुसऱ्या कंपनीची गोळी

बाबा, आईची ती गोळी आता मिळत नाही. अमरावतीतली सगळी मेडिकल पालथी घातली, अकोल्याला फोन केले. कंपनीने बनवणंच बंद केलंय म्हणे. डॉक्टरांनी त्याच औषधाची जेनेरिक लिहून दिली. औषध तेच, ताकद तेवढीच. नाव, रंग आणि गोळी बांधायची भुकटी तेवढी वेगळी, असं समजावलं. उदासीची गोळी एकाएकी सोडायची नाही, बदलल्यावर काही वेगळं वाटलं तर लगेच कळवायचं, हेही बजावलं. मला पटलं. आईला कोण पटवणार? तिने ती पांढरी गोळी तळहातावर उलटसुलट केली आणि ठेवून दिली.

"हे माही गोळी नोय."

"आई, औषध तेच हाय. बाबा दुकानात हेच तर सांगत होते सगळ्यायले."

इथेच मी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. अकोटच्या आपल्या मेडिकलमध्ये शाळा सुटली की मी काउंटरच्या आत स्टुलावर बसलेली असे. कुणी ओळखीची गोळी नाही म्हणून कुरकुरलं, की तुम्ही हसून म्हणायचात, "मावशी, कंपनी बदलली मून काय गुण बदलते? घ्या बिनधास्त." आणि मावशी घ्यायची. पण आईची गोळी संपत आली की तुम्ही एसटीने अमरावती गाठायचात, त्याच कंपनीची आणायला, दुकानात दुसरी पडून असताना. ते तिने बरोबर लक्षात ठेवलंय.

"मले त्यायनं कधी दुसऱ्या कंपनीची देल्ली नाई. काहून देल्ली नाई?"

सांगा ना, काहून? तुम्हाला काही ठाऊक होतं, की नुसता जीव होता तिच्यावर? रागच आला मला तुमचा. तिने गोळी सोडली. आधी चक्कर, मग रडू. भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय जिचा दिवस जात नसे, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. डॉक्टर रागावले, मी हात जोडले, ती ढिम्म.

शेवटी काल तिच्याजवळ बसून म्हटलं, "बाबा मले सांगून गेले होते. तुह्या आईची गोळी कधी बंद झाली, तर हे दुसरी चालते म्हणे."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हता, बाबा. आता गुण यायला काही आठवडे लागतील, आणि तिचा चेहरा बघत बसण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही. नाही आला गुण, तर ती तुमच्यावर रुसेल, माझ्यावर नाही.