आज कुणी भाव केला नाही

शुक्रवार, सांजवेळ. उस्मानाबाद.

सकाळी रेडिओनं सांगितलं, लष्करी विमान डोंगरावर आदळलं, कुणीच वाचलं नाही. आमचा फौजेतला लेक दत्तू सुट्टीसाठी, ते विमान उडालं त्याच तळावरून निघणार होता. त्याच विमानात असेल का? नावं अजून सांगितली नाहीत.

आज भांड्यांच्या दुकानात कुणी भाव केला नाही. आवाजावरून गिऱ्हाइकाचा खिसा ओळखणारा मी. आज आवाजच नाही. करीमचाचा तर मला तोंडावर लुटारू म्हणणारे! मुद्दाम घागरीचा दुप्पट भाव सांगितला. म्हटलं, "चाचा, भांडा की!" त्यांनी मुकाट पैसे ठेवले अन् माझा हात धरला. म्हणजे गावानं ठरवूनच टाकलं? देवा, एकानं तरी भाव करायचा होता.

हिला अजून काही ठाऊक नाही. ताट वाढताना म्हणाली, "आज दुकानात आरडाओरडा न्हाय. गिऱ्हाईक आलं न्हाय व्हय?"

"न्हाय," म्हणालो.