चपलांपाशी बसून

प्रिय सूनबाई,

नऊ स्थळांपैकी पाच मी आतून पाहिलेलीच नाहीत, असं आमच्या टूर मॅनेजरने आज नाश्त्याला सगळ्यांसमोर जाहीर केलं. खरं आहे ते. हे कागदावर लिहून त्याचे फोटो तुला पाठवतेय. फोन केला की माझा लेक शेजारून "आई काय म्हणतेय?" विचारणार, आणि त्याच्याबद्दलचंच एक अवघड काम तुझ्यावर सोपवायचंय.

तू करून दिलेल्या यादीप्रमाणे पहिल्या दिवशीचा घुमट मनापासून पाहिला. मान दुखली, पण डोळ्यांचं पारणं फिटलं. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनामंदिराला एकशे ऐंशी पायऱ्या. चपला खाली काढायच्या, पिशव्या वर न्यायच्या नाहीत. आमच्यातले एक घड्याळजी म्हणाले, माझा गुडघा काही वर यायला तयार नाही, तुम्ही जाऊन या, मी सामान राखतो. चाळीसेक पायऱ्या चढून मागे पाहिलं, तर ते उन्हात एकटेच वीस जणांच्या बूट-चपलांचे जोड नीट लावत बसलेले. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली मी. सुजलेला गुडघा मला लांबून कळतो. खाली उतरले, त्यांचा पाय पिशवीवर उंच ठेवायला लावला आणि तिथेच बसले.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, मला दम लागतो. चौथ्या दिवशी कारण कोणी विचारलंच नाही. फक्त बँकेतल्या एक बाई जाता जाता म्हणाल्या, "अहो, तिकीट आतलं काढलंय!" मी म्हटलं, "असू दे, देव येतो अधूनमधून बाहेर."

आम्ही काय बोलतो म्हणशील, तर फार काही नाही. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, तुझे सासरे जाऊन दहा. त्या दोघांबद्दल बोलतो, आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. मनोऱ्यावर घड्याळ दिसलं की मनगटावरच्याशी ताडून बघायची त्यांना खोड आहे. चूक सापडली की स्वारी दिवसभर खूश. काल जुन्या मठाबाहेर मी इतकी हसले की रखवालदार बघायला आला. मी घरी शेवटची कधी हसले, ते तुलाच ठाऊक असेल. माझ्याकडे लक्ष असतं ते तुझंच.

त्या मठाच्या पायरीवर त्यांनी विचारलं, पुढचे दिवस बरोबर काढायचे का? मी हो म्हटलं. लोकलाजेपुरतेसुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. आता भीती एकाच माणसाची. लेक ओरडला तर ऐकून घेईन, पण तो गप्प बसतो, आणि ते मला सोसवत नाही. बाबांचा चष्मा अजून त्याच्या खणात आहे, हे मला माहीत आहे. हे त्याला एकदम विमानतळावर कळायला नको. तू आधी सांग, जेवण झाल्यावर, तुझ्या पद्धतीने. बाबा होते तिथेच आहेत, एवढं मात्र माझ्याच शब्दांत सांग. रविवारी सकाळी अकराला आम्ही उतरतोय. घड्याळजींना न्यायला कोणी येणार नाही, म्हणून ते आधी आपल्याकडे चहाला येतील. तुझा नवरा गाडी घेऊन येईलच. मागच्या सीटवरचं त्याचं सामान तेवढं आधी काढून ठेवायला लाव.

तुझीच,
आई