एसएसडी, आणि डाउनलोड्समधली एक फाइल

४ नोव्हेंबर, मंगळवार
लॅपटॉप सुरू व्हायला सात मिनिटं. आज घड्याळ लावून बघितलं. बटण दाबलं, कुकर लावला, ओजस्वीची वेणी घातली, तिला शाळेत पाठवलं. परत आले तर पडद्यावर ते चक्र अजून गरगरतंयच.

नेमका आजच मेल आला. मुलाखत २१ तारखेला, शुक्रवारी, ऑनलाइन. फोनवरून चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. हॉस्पिटलांना दुभाषी पुरवणारी एजन्सी आहे. हिंदी, इंग्रजी, जपानी. पूर्ण वेळ. निवड झाली तर व्हिसा ते काढून देणार. माझा, माझ्या नावाचा! सात वर्षं मी इथे जपानमध्ये नवऱ्याच्या, अनुजच्या व्हिसावर डिपेंडंट आहे. आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या वर काम करायची परवानगी नाही, म्हणून बेंतोच्या दुकानात डबे भरते.

त्यांनी सरावासाठी लिंक दिली होती. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर माझा चेहरा गोठला, तोंड उघडंच. शाळेतून आल्यावर ओजस्वीने मागून डोकावलं. "ओसोई," म्हणाली. हळू आहे. मला दिसत नाही का!

अनुज म्हणाला, "रविवारी बघतो."

६ नोव्हेंबर, गुरुवार
निशी-कसाईला राहणाऱ्या मैत्रिणीला, संपदाला फोन केला. ती इथे यायच्या आधी पुण्यात हार्डवेअर सपोर्टला होती. म्हणाली, "लॅपटॉप ठीक आहे गं, आतली फिरणारी डिस्क म्हातारी झालीय. एसएसडी टाक, पळायला लागेल."

अनुजला सांगितलं. "त्या डब्यावर कशाला खर्च? नवीनच घेऊ. पण आत्ता नको, मार्चनंतर बघू."

मार्चच का, ते सांगितलं नाही. माझी मुलाखत नोव्हेंबरात आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
रविवार आला. अनुज अकरापर्यंत झोपला, मग मॅच बघितली. मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर त्याला दिसेल असा ठेवला होता. "मी सॉफ्टवेअरवाला आहे, कस्तुरी. हे उघडायचं काम माझं नाही."

बरं. माझं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बेंतोचं दुकान सुटल्यावर अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. एसएसडीची आख्खी भिंत. आकार वेगळे, वेग वेगळे, अक्षरं वेगळी. ज्याने त्याने डब्यावर 'सर्वांत वेगवान' छापलेलं. विक्रेता नम्रपणे विचारतो, मॉडेल नंबर काय? मला आमच्या लॅपटॉपचा रंग माहीत होता. २५६ जीबी पुरेल की ५१२? त्याने विचारलं, आत काय काय साठवता? मी म्हणाले, फोटो आणि राग. जपानीत विनोद केला आणि तो त्याला कळला! आजच्या दिवसातली एवढीच बरी गोष्ट.

५१२ घेतली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी. सगळ्यांत वेगवान ती हीच, असं डब्यावर होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अकरा स्क्रू. दहा निघाले तरी झाकण हलेना. अकरावा खालच्या रबरी पायाच्या आत लपवलेला. ज्याने हे डिझाइन केलं त्याला माझ्यासमोर बसवा. झाकण कटकट वाजत उघडलं तेव्हा वाटलं, मोडलं सगळं.

मोडलं नव्हतं. पण आत माझ्या पट्टीसाठी जागाच नाही. आत आहे ती पत्त्यांच्या कॅटएवढी जुनी डिस्क, आणि तिच्या जागी तेवढीच चपटी, तशाच जोडणीची एसएसडी बसते. संपदाला फोटो पाठवला. तिचा मेसेज: "अगं, आधी विचारायचंस ना." पाकीट फोडलंय, त्यामुळे दुकान परत घेणार नाही.

अनुजने टेबलावरचा पसारा बघितला. "मी सांगितलं होतं." पट्टी बसणार नाही, असं काही सांगितलं नव्हतं त्याने. अकरापर्यंत झोपला होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा तेच दुकान, तोच विक्रेता. या वेळी मॉडेल नंबर हातावर लिहून नेला होता. त्याने हात बघितला, हसला नाही, दोन मिनिटांत बरोबर ती काढून दिली. येताना निशी-कसाईला उतरले. संपदाने तिची केबल दिली, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायला.

घरी येऊन लावलं. एक्केचाळीस टक्क्यांवर थांबलं. पुन्हा लावलं. पुन्हा एक्केचाळीस. चहा केला, कपडे वाळत घातले, तिसऱ्यांदा लावलं. एक्केचाळीस.

संपदा म्हणाली, जुन्या डिस्कचा काही भाग खराब झालाय, ती सगळं उतरवू देणार नाही. नवीवर विंडोज कोरं टाकू, त्याचा पेन ड्राइव्ह मी करून देते. तोवर तू लागतील तेवढ्या फाइली हाताने काढून घे. हाताने! सात वर्षांचा उकिरडा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून बसले. फोटो घेतले. ओजस्वीचे लसीचे कागद घेतले. मग डाउनलोड्स. वीजबिलं, रेसिपी, एकच फॉर्म पाच वेळा. त्यात अनुजची एक पीडीएफ. ऑफिसच्या लॅपटॉपवरचं सगळं ऑफिसला दिसतं म्हणून तो खाजगी गोष्टी याच्यावर करतो.

पुण्याला बदलीचा अर्ज. तारीख ऑगस्टची. मार्चअखेर परत जायची विनंती. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलंय: पत्नीला जपानमध्ये रुळणं जमलेलं नाही, तिच्या मनःस्थितीवर परिणाम होतोय.

तीनदा वाचलं. मला. रुळणं. जमलेलं नाही.

ओजस्वीच्या शाळेतल्या मीटिंगा कोण करतं? डॉक्टरशी कोण बोलतं? याचे केस कसे कापायचे ते न्हाव्याला कोण सांगतं?

ती फाइलही कॉपी केली. मग पुढची उघडली. वीजबिल होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दोन दिवस बोलले नाही. आज ओजस्वी कराटेला गेल्यावर लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, फाइल उघडून.

तो म्हणाला, "पहिल्या वर्षी तू रोज रडायचीस."

"सहा वर्षांपूर्वी."

"काहीतरी कारण लिहायला लागतं, कस्तुरी."

"मग तुझं लिहायचंस."

मी उठून भांडी घासायला घेतली. तो मागून बोलला. मीटिंगमध्ये सगळे जपानीत बोलतात. आधी कोणीतरी समजावून सांगायचं, आता सांगत नाहीत. गेलं वर्षभर तो मान हलवतो आणि घरी येतो. नवीन आलेली मुलं त्याच्यापुढे गेली. "मला नाही जमलं रुळायला. हे मी लिहू शकलो नसतो."

हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी त्याला जवळ घेतलं असतं. आज नाही जमलं. भांडी घासत राहिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
संपदा पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे ओजिमाला आली. मला म्हणाली, "तू बसव, मी बघते." जुनी डिस्क काढली, नवी सरकवली, अकरा स्क्रू. विंडोज टाकलं. बंद केला, पुन्हा लावला. चौदा सेकंद.

संपदाने टाळी दिली. मला रडू आलं. तिला वाटलं आनंदाने.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मुलाखत झाली. पन्नास मिनिटं, लॅपटॉप एकदाही अडकला नाही. शेवटी मला आई आणि डॉक्टर यांच्यामध्ये बसवलं, दोघं एजन्सीचेच लोक, भूमिका करणारे. मुलाला झटके येतायत, आई घाबरून अर्धवट बोलतेय. मी तिचं अर्धवट अर्धवटच सांगितलं, मग डॉक्टरांना म्हणाले, त्यांना पुन्हा विचारू का? समोरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

अनुज घरी होता, दुसऱ्या खोलीत. बाहेर आले तेव्हा म्हणाला, "मला अर्धंच कळलं. पण तू थांबली नाहीस कुठे."

अर्जाबद्दल दोघंही बोललो नाही.

३ डिसेंबर, बुधवार
मेल आला. एप्रिलपासून ये म्हणतायत. व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात.

अनुजला वाचून दाखवला, मराठी करत. मग त्याने विचारलं, "मी नोकरी सोडली तर तुझ्या व्हिसावर मला राहता येईल? डिपेंडंट म्हणून?"

थट्टा करतोय असं वाटून मी वर बघितलं. करत नव्हता.