थर्मोकोल धरणारी

मल्हारगंज, इंदूर
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुजयदादा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ब्लॉक केलंय, म्हणून पत्र. बाकी इथे सगळे मजेत, मी सोडून.

दोन वर्षं मी लीलाआत्याच्या मागे लागले होते की मला तिच्यावर डॉक्युमेंट्री करू दे. पितृपक्षात ती इथल्या मालवी मुलींसारखी भिंतीवर शेणाफुलांची संजा मांडते, तिची गाणी म्हणते आणि लगेच मराठीत आपल्याला रागावते. अपने इंदूरचे मराठी लोक म्हणजे हेच तर ना यार! पण नाही. कधी दात बसवायचेत, कधी घुटने दुखतात. मी कॅमेरा काढला की ती सीधी किचनमध्ये.

आणि तू पुण्याहून कॅमेरा घेऊन आलास, पोहे-जलेबी खाल्लीस, दुसऱ्या दिवशी आत्या केस काळे करून हजर! शेण थापायला पैठणी! मला म्हणे, सुजय किती लांबून आलाय. मी वरच्या मजल्यावर राहते, हीच माझी गलती.

वरून मला काय दिलंस? थर्मोकोलचा तुकडा. म्हणे, उजेड पाडायला धर. आत्या तुझ्यासाठी गाणार आणि मी तिच्या तोंडावर लाइट मारणार! ती तुझी एकट्याची आत्या नाहीये, भिया.

लोभ असावा, सध्या माझ्याकडून अपेक्षा नसावी.
तुझी जळकी बहीण,
अनुश्री


पुणे
९ ऑक्टोबर २०२५

चि. अनुश्रीस,
अनेक आशीर्वाद. आधी ब्लॉक काढ.

एडिटिंगला बसलोय आणि डोकं धरलंय. प्रश्न मी विचारलेत, आत्या उत्तरं देतेय भलतीकडे बघून. वाटलं, लाजते. मग आठवलं, त्या बाजूला तू थर्मोकोल घेऊन उभी होतीस. तिचं लग्न, आतोबांची मिल बंद पडली ते, माझ्याच आईनं तिच्या मराठीला हसणं, सगळं तिनं तुला सांगितलंय. संजाच्या गाण्यात तर पहिली ओळ म्हणून थांबते. फ्रेमबाहेरून तुझा आवाज येतो, तेव्हा कुठे पुढे जाते. तू गात होतीस, हे तुला तरी कळलं का? तुझा आवाज काढून बघितला, तर गाणंच उरत नाही.

खरं सांगू? जाम जळलो. इतके दिवस तिच्याकडे राहिलो, माझ्याकडे एकदाही तसं बघितलं नाही तिनं. फिल्म दोघांच्या नावानं करू या?

तुझा लोभ पुन्हा चालू कर.
सुजय


इंदूर
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुजयदादा,
सा. न. वि. वि.

ब्लॉक काढला.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. मी विचारलं, मग मलाच दोन वर्षं का टाळलंस? तर म्हणाली, तू डोळ्याला कॅमेरा लावलास की तुझं तोंड दिसत नाही, मग मी बोलू कुणाशी? आणि पैठणीचं म्हणशील तर ती पाहुण्यांसमोर नेसतात. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला जलेबी आणून दिली.

नावं दोघांची चालतील, पण माझं आधी. पुढच्या पितृपक्षात परत ये. कॅमेरा तूच धर. थर्मोकोलला मात्र हात लावायचा नाही, तो माझा आहे.

लोभ आहेच, आत्याच्या वाटणीचा सोडून.
अनुश्री