दसऱ्याचं गोडेतेल

हैदराबाद, १४ एप्रिल १९७३

चि. शहादेव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. रविवार, ८ एप्रिल, संध्याकाळी सव्वासहा: सोसायटीच्या गुरांच्या छावणीत लांडगा तुझ्यावर आला, आबांच्या बंदुकीचा घोडा जागीच चिकटला आणि आपल्या गड्याने, म्हाळूने, काठीने तुला वाचवताना हात फाडून घेतला.

वर लिहितोस, "ताई, नशीब फिरलं, बंदुकीत खोट न्हाई."

नशीब कसलं? दसऱ्याच्या पूजेत तू तिला गोडेतेल चोळलंस. सहा महिने धूळ बसून त्याची खळ झाली. काडतुसं थंड राहावीत म्हणून रांजणाखालच्या ओलीत ठेवलीस! आबा रॉकेलने पुसून मशीनचं तेल थेंबभर लावत, काडतुसं कोरड्या डब्यात ठेवत. पूजा त्यांनी कधी केली नाही.

म्हाळूची बोटं हलतात का? तू जेवतोस ना?

त्याला स्वतः बीडच्या दवाखान्यात ने आणि डॉक्टर काय म्हणाले ते २५ एप्रिलच्या आत लेखी कळव. नशिबाचं नाव त्यात नको.

तुझी ताई,
सत्यभामा