हरवलेल्या वस्तूंचे चार रकाने

२ एप्रिल, गुरुवार

सहा हजार दोनशे बारा ओळी! आज मोजल्या. म्हणजे कॉम्प्युटरने मोजल्या, मी नुसती घाबरले.

बस डेपोच्या हरवले-सापडले खिडकीवर इथल्या कारकून काकांनी अकरा वर्षं एकट्याने नोंदी टाइप केल्या. पण सगळं एकाच रकान्यात — वस्तू, रंग, बसचा नंबर, त्यावर स्वतःचं मत, आणि शेवटी 'नेली' की 'पडून'. "छत्री काळी ७ मालक धांदरट नेली." "बूट तपकिरी १२ एकच आहे दुसऱ्या पायाने घरी गेला असावा पडून." साहेबांना महिनाअखेरपर्यंत हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत हवंय. तीस तारखेला काका निवृत्त. मग खिडकी माझी — राहिली तर!

कारण काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलंय, "पाचातली एक तरी वस्तू परत गेली पाहिजे. त्याखाली आलो की खिडकीला कुलूप. वरचा हुकूम आहे." आजवर कोणी मोजलं नाही. या गिचमिडीतून मोजणार कसं? आता रकाने झाले की आपोआप मोजलं जाणार. आणि ते मीच करणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालेली नोकरी, आणि तिच्या मुळावर घाव घालायचं कामही माझंच.

३ एप्रिल, शुक्रवार

सूत्र लिहिलं. चूक. पुन्हा लिहिलं. चूक. डबा खाल्ला. चूक.

६ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी घरी कागदावर सूत्राशी झटापट चालली होती. सासूबाई समोर काज करत बसलेल्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, अजून हात स्वस्थ नाही.

"कुणाशी भांडतेस?"

"ओळ कापायचीय, आई. पहिला शब्द वेगळा काढायचाय."

"मग खूण कुठे केलीस?"

"कसली खूण?"

"अगं, डोळे मिटून कापड कापतात का? आधी खडू, मग कात्री!"

मी बघतच राहिले. सूत्रातलं फाइंड म्हणजे खडू! पहिली मोकळी जागा कितव्या अक्षरावर आहे ते तो सांगतो. लेफ्ट म्हणजे कात्री, डावीकडून तिथपर्यंतचं कापून देते. मी उगाच नुसती कात्री चालवत होते. तरी शब्दामागे ती मोकळी जागा लोंबतच राहणार, तेही सांगितलं. सासूबाई सुई न थांबवता म्हणाल्या, "खुणेच्या एक बोट आत काप." उणे एक!

७ एप्रिल, मंगळवार

निघाली! छत्री. नुसती, सुटी, स्वच्छ छत्री. खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

मग सूत्र खालपर्यंत ओढलं. छत्री, डबा, पिशवी, छत्री, बहुधा. बहुधा? काकांची खात्री नसेल तिथे ओळ 'बहुधा'ने सुरू होते. वस्तूंच्या रकान्यात चारशे बारा 'बहुधा' आणि एक 'अरेच्चा'.

आणि एका ओळीत ठार चूक. उघडून पाहिलं तर तिथे एकच शब्द — "दात." मोकळी जागाच नाही, खडू टेकवणार कुठे?

"काका, यापुढे काहीच लिहिलं नाहीत?"

"दातांचा रंग लिहू?"

"निदान मालक आले होते का?"

"एक गृहस्थ आले होते. पण काय म्हणतायत ते काही केल्या कळेना."

९ एप्रिल, गुरुवार

खिडकीवर एक बाई आल्या. काकांच्याच वयाच्या, टापटीप. छत्री बसमध्ये राहिली म्हणाल्या.

"रंग?" काका.

"काळा."

"काळ्या सगळ्यांच्याच असतात. ओळखीची खूण?"

"दांड्याला लाल दोरा आहे."

"तो कशासाठी?"

"हरवू नये म्हणून."

"उपयोग झालेला दिसत नाही."

"एवढं तर पोलीससुद्धा विचारत नाहीत हो!"

चांगली वीस मिनिटं चाललं. अर्ज, सही, पुन्हा सही. त्या गेल्यावर मी म्हटलं, काका, जरा जास्तच ताणलंत. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि शीळ घालत फाइल लावायला गेले.

१५ एप्रिल, बुधवार

बहुधा आटोपले.

२० एप्रिल, सोमवार

वस्तू, रंग, बस, शेवटचा शब्द — चारही रकाने वेगळे झाले. उरलेलं काकांचं मत साहेब म्हणतात काढून टाका. टाकवेना. म्हणून जाता जाता ते अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलं.

दांड्याला लाल दोरा. दांड्याला लाल दोरा. दांड्याला लाल दोरा. बोट लावून खाली येत गेले. सहासष्ट वेळा! दर दोन महिन्यांनी एकदा, अकरा वर्षं. प्रत्येक वेळी सात नंबरची बस, प्रत्येक वेळी 'नेली'.

२१ एप्रिल, मंगळवार

विचारलंच. "काका, त्या छत्रीवाल्या बाई कोण?"

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "आमच्या घरच्या."

मला हसावं की रागवावं कळेना.

"ती अट आली तेव्हा घरी बोललो. ती म्हणाली, एवढंच ना, मी विसरत जाईन छत्री. तेव्हापासून नेमाने विसरते." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "घरी ती बोलते, मी ऐकतो. इथे मात्र विचारायचं मी."

दुपारी मोजलं. परत गेलेल्या वस्तू बाराशे त्र्याऐंशी. पाचात एकच्या चाळीस वर. खिडकी वाचली! मग काकूंच्या सहासष्ट वगळून मोजलं. तेरा कमी.

आख्खी खिडकी एका छत्रीला टेकून उभी आहे.

२७ एप्रिल, सोमवार

आठवडाभर पुन्हा पुन्हा मोजलं, आकडे तेच. शेवटी सासूबाईंना सांगितलं.

"छत्री बसमध्ये राहिली का? सापडली का? नेली का? मग उसवतेस कशाला?"

"पण मुद्दाम, आई!"

"मुद्दामचा रकाना आहे का तुझ्याकडे?"

नाही. पण माझ्या मनात आहे ना, त्याचं काय करू? घरात कमावणारी मी एकटी. तरी दोन्ही आकडे कागदावर लिहिले. साहेबांना देणार. काकांना तसं सांगितलंही. "द्या हो, खुशाल द्या," म्हणाले. इतक्या सहज, की मलाच भरून आलं. जाताजाता माणूस किती मोठा होतो!

२९ एप्रिल, बुधवार

दिला कागद. साहेबांनी आधी रकाने पाहिले. "वा! व्यवस्थित सुटं केलंत." मग आकड्यांवर नजर टाकली. "हे प्रमाण कशाला काढलंत?"

"सहज."

"बरं. असू दे."

असू दे! इतक्या दिवसांच्या धाकधुकीवर दोन शब्द. कुलपाचं नाव नाही. हा माणूस हुकूम विसरलाय की मला वाचवतोय?

३० एप्रिल, गुरुवार

निरोप झाला. काका सगळ्यांना भेटून पुन्हा खिडकीत येऊन बसले, उठेचनात. पाच वाजता काकू खिडकीवर.

"न्यायला आलेय."

"ओळखीची खूण?"

"टक्कल."

"सही करा."

त्यांनी केली. मीच अर्ज पुढे केला होता.

४ मे, सोमवार

काकांचा खण आवरला. तळाला अंथरलेल्या कागदाखाली एक परिपत्रक निघालं. पाचात एक वस्तू परत जाण्याची अट रद्द. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. खाली, मिळालं म्हणून, काकांची सही.

म्हणजे पहिल्या बारा वेळाच छत्री खिडकीसाठी हरवली. उरलेल्या चोपन्न वेळा नाही.