बोंतूच्या गाण्यातली मोकळी जागा

मुरुम,
शुक्रवार

प्रिय भैरवी,

चार वर्षांनी पत्र आलेलं पाहून तू आधी शिव्या घालशील. घाल. फोनवर हे सांगायला गेले असते तर तू मध्येच काहीतरी विचारलं असतंस आणि मी विषय बदलला असता.

आपली बोंतू गेली गं. संभाजीनगरच्या होस्टेलात आपल्या दोघींच्या मधल्या खाटेवर झोपणारी, इथिओपियाची बोंतू. तिकडे तिच्या ओरोमो लोकांच्या जमिनींसाठी ती गात होती, दोनदा तुरुंगात जाऊन आली, एवढं तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा सुटली ती छातीचं दुखणं घेऊनच. तिच्या भावानं, गुतामानं कळवलं. तिला नेताना सगळा गाव तिचीच गाणी म्हणत होता म्हणे. मी इथे नववीचे पेपर तपासत बसले होते. शाळेत कुणाला सांगणार? बोंतू कोण, इथपासून सुरुवात. घरी मुजीब हळहळला बिचारा, पण आमचं लग्नच नंतरचं, त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तिला ओळखणारी एक अम्मी होती, तीही आता नाही. आठवतं, ईदला आपण तिघी कळंबला आमच्या घरी गेलो होतो? अम्मी शेंगा फोडत ओव्या म्हणत होती आणि बोंतू प्रत्येक ओळीला हुंकार देत होती. तिच्या गावात ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय गाणारा पुढची ओळ घेत नाही. गप्प बसणं म्हणजे त्याचा पाणउतारा. अम्मी म्हणाली होती, "हिला कळत काय बी न्हाय, पर हुंकार लई बरूबर देती." मग होस्टेलात ती गायची आणि आपण हुंकार द्यायचो. तुझा तर इतका खणखणीत की वॉर्डनबाई धावत वर यायच्या.

गुतामानं तिचं शेवटचं गाणं पाठवलंय. दर ओळीनंतर ती थांबते आणि तिथे नुसता तिचा श्वास ऐकू येतो. दुसऱ्या कुणाचा आवाज तिनं तिथे घालू दिला नाही, असं तो लिहितो. का, ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

गेल्या वर्षी तिचा मला निरोप आला होता, तू आणि भैरवी हुंकार रेकॉर्ड करून पाठवा, गाण्यात तुमची नावं घेतलीत. मी घाबरले. शाळेतली नोकरी, तिकडचं सरकार, उद्या कुणी चौकशीला आलं तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. तुला मी विचारलंच नाही, कारण तू लगेच हो म्हणाली असतीस आणि मी एकटीच भित्री ठरले असते. म्हणून तिला लिहिलं, आम्ही दोघींनी विचार केला, आम्हाला जमणार नाही. दोघींनी, भैरवी. तिनं 'बरं' एवढंच कळवलं. सोबत पेनड्राइव्हमध्ये गाणं पाठवतेय. चौथ्या ओळीत तुझं नाव येतं, माझ्या आधी. तू नाही म्हणालीस असंच समजून ती गेली, आणि तरी तुझं नाव तिनं गाळलं नाही.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
मिनाज